ताईंना पडलेली चार मतं

हॉस्पिटलच्या चादरी धुण्याचा कारखाना ताईंनी काढला तेव्हा हाताखाली तिघी होत्या: एक तुरुंगातून सुटलेली, एक घरातून हाकललेली, आणि एक ऐकू येत नाही म्हणून कुणी कामावर न घेतलेली. पुढे सतरा झाल्या. ताई देणगीदारांचे उंबरे झिजवायच्या, कुणाचा दारुडा नवरा फाटकाशी आला तर त्याला पिटाळायच्या. "तुझ्या लेखी मी अठरावा," घरी नवरा म्हणायचा.

एकदा त्यांना परदेशातून बोलावणं आलं. लोकांच्या भल्यासाठी धंदा करणारे देशोदेशीचे लोक जमले होते. एकाने सांगितलं, आमच्याकडे पैसे लावणारा नफाही मागतो आणि भलं किती झालं त्याचा हिशेबही. ताईंना वाटलं, आपला देणगीदार बरा, फोटोवर भागतं त्याचं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना तिथला धुलाई कारखाना दाखवला. तीच वाफ, तोच ब्लीचचा वास. इस्त्रीच्या मशिनवर एक पिकल्या केसांची बाई चादर सरकवत होती.

"या इथल्या आधीच्या प्रमुख," दुभाषी मुलगी म्हणाली. "यंदा निवडून आल्या नाहीत."

"निवडून?"

"इथे कामगारच मालक. प्रमुख मतं घेऊन ठरतो."

"पण कारखाना काढला कुणी?"

"यांनीच!"

इस्त्रीवाली हसली. ताईंनी पर्स काखेत घट्ट धरली.

परतल्यावर चहाच्या सुट्टीत त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला. कुणीच हसलं नाही. ड्रायरवर काम करणारी, जिला सगळ्या मिरची म्हणत, ती म्हणाली, "मग आपणही घेऊ या की मतं."

"घ्या की!" ताई म्हणाल्या. त्यांना काय, खात्रीच होती.

साबणाच्या रिकाम्या बादलीत चिठ्ठ्या पडल्या. मिरचीला तेरा. ताईंना चार.

ताईंनी चिठ्ठ्या पुन्हा उलगडून पाहिल्या. पर्स उचलून त्या घरी आल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. एरवी टोमणे मारणारा नवरा गुपचूप चहा ठेवून गेला.

चार दिवसांनी मिरची दारात उभी. "रुसलात होय?"

"मी काय कमी केलं गं तुम्हाला?"

"काहीच नाही. म्हणून तर तुमच्याशी भांडता येत नाही." मिरची खालीच बसली. "ड्रायरपाशी जीव उकडून जातो. पंखा मागू म्हटलं की मनात यायचं, हिने आपल्याला रस्त्यावरून उचललं, आता आणखी पंखा कुठल्या तोंडाने मागायचा?"

ताई उठून बसल्या. "पंखा? अगं, नुसतं म्हणाली असतीस तर!"

"तेच तर जमत नव्हतं. माझ्याशी मात्र कालच तिघी कडाकडा भांडून गेल्या."

इतकी वर्षं त्या ड्रायरच्या बाजूने रोज जात होत्या.

सोमवारी त्या कामावर गेल्या. मिरचीने त्यांच्याकडे हॉस्पिटलांच्या गाठीभेटी दिल्या. तिच्याकडे सुट्टी मागताना पहिल्यांदा ताईंची जीभ अडखळली. मग एके दिवशी साबण कुठून घ्यायचा यावरून दोघींची अशी जुंपली की मशिनं थांबवून बायका ऐकत राहिल्या. ताई हरल्या. तणतणत घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन पुन्हा वाद घालायला उभ्या राहिल्या.