मावशीला झोप आलेली नाही

माझी मावशी चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवते. दांडी गरम वाळूच्या डब्यात खुपसायची, मऊ झाली की अंगठ्याने दाबायची आणि गिऱ्हाइकाच्या कानावर ठेवून बघायची. सत्तावीस वर्षं तिचं हेच काम. या काळात तिने हजारो डोळे जवळून पाहिले असतील.

पन्नाशीनंतर तिच्या स्वतःच्या वरच्या पापण्या उतरू लागल्या. आता त्या डोळ्यातल्या बाहुलीच्या काठापर्यंत येतात. दुकानाचे मालक चिडवतात, "बाई, गिऱ्हाइकासमोर डुलक्या नकोत."

"घोरायला लागले की पगार कापा," मावशी म्हणते.

हे सगळं ती हसण्यावारी नेत होती. अडचण होती ती रविवारची. तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा दादा, तीन वर्षांपासून परदेशात आहे. दर रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. मावशी केस विंचरून, खिडकीजवळची खुर्ची पकडून आधीच बसलेली असते. पाच-सहा मिनिटं बोलणं होतं आणि मग दादा मायेने म्हणतो, "आई, डोळे मिटतायत तुझे. दमली आहेस. पड जरा, ठेवतो."

"नाही रे, मी..." एवढं म्हणेपर्यंत स्क्रीन काळी झालेली असते.

"आठवडाभर जागी राहते ह्याच्यासाठी, आणि हा मला झोपवतो," ती एकदा मला म्हणाली. मी इंजिनिअर, मला आकडे लागतात. तिच्या फोनमधली कॉलची यादी काढून मी सरासरी काढली. सहा मिनिटं. ती तिला सांगितली नाही.

मी तिला पापण्यांच्या सर्जनकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी छोटी पट्टी धरून पापणी मोजली आणि जादा कातडी कशी काढतात ते चित्र काढून समजावलं. खर्चाचा कागद हातात आला. दोन्ही डोळे, भूल, औषधं मिळून मावशीचा पाच महिन्यांचा पगार. विमा द्यायचा की नाही, हे एका तपासणीवर ठरणार होतं. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं आणि कुठे दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. वरचे दिवे दिसले नाहीत तर पापणी आड येते असं धरतात आणि विमा खर्च देतो.

मावशीने बहुतेक सगळे दिवे पकडले.

"अगं, दोन-चार सोडायचे होतेस!" बाहेर आल्यावर मी कपाळाला हात लावला.

"दिसत होते तर काय सांगू? डोळ्यांच्या कामात खोटं नाही बोलता येत मला."

म्हणजे विम्याच्या हिशेबी हे नुसतं रूप खुलवणं. स्वतःच्या खर्चाने करा.

मग आम्ही इतर उपाय शोधले. पापणी उचलणारे डोळ्यांचे थेंब मिळतात, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची कातडी सैल आहे, त्याचा उपयोग नाही. मावशीने दुकानातच आपल्या फ्रेमला आतून बारीक तार जोडली आणि तिच्यावर पापणी टेकवली. पण उघडझाप नीट होईना, डोळे कोरडे पडून चुरचुरायला लागले. शेवटी मी पापणी वर धरून ठेवणाऱ्या, धुरकट पारदर्शक चिकटपट्ट्यांचं पाकीट आणलं. रविवारी त्या लावून, डोळे वटारल्यासारखे उघडे ठेवून ती फोनसमोर बसली.

"आई, काय झालं? घाबरलीस का?" दादा ओरडलाच. त्याला शांत करण्यातच कॉल संपला.

"नुसता आवाजाचा फोन कर ना," मी सुचवलं. तिने केला. एक्केचाळीस मिनिटं चालला. मी खूश झाले. मावशी मात्र फोन मांडीवर ठेवून बसून राहिली.

"दिसला नाही गं," ती म्हणाली. "दाढी ठेवलीय म्हणाला. कशी दिसते कोण जाणे."

पुढच्या रविवारी मी गेले तर कॉल चालू होता. दादा दाढी खाजवत कुठल्याशा घरमालकाची नक्कल करत होता आणि मावशी पोट धरून हसत होती. अर्धा तास झाला तरी तो "पड जरा" म्हणेना. मी मागून वाकून पाहिलं. फोनच्या कॅमेऱ्यावर पापणीची एक चिकटपट्टी नीट दाबून बसवलेली होती. मावशीने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

असे तीन रविवार गेले. चौथ्याला दादा बोलता बोलता थांबला.

"आई, तू धुक्यात बसल्यासारखी दिसतेस. मी नवा फोन पाठवतो."

"नको रे. चाललंय की."

"तुझं चाललंय. मला कुठे दिसतेस? महिना झाला, तुझा चेहरा पाहिला नाही."

मावशीच्या अंगठ्याचं नख पट्टीच्या कडेखाली गेलं, थांबलं आणि मग तिने ती ओढून काढली. दादा बघत राहिला.

"झोप..."

"आली नाहीये," मावशी म्हणाली. "पापण्या उतरल्यात माझ्या. मला कधीच झोप आलेली नसते, राजा. तू फोन ठेवू नकोस."

दादाने फोन इतका जवळ घेतला की स्क्रीनवर एक डोळा आणि अर्धं नाक उरलं.

"बघू," तो म्हणाला. "नीट बघू दे."

आता कॉल लांबतात. तरी खर्चाचा कागद तिने दुकानाच्या ड्रॉवरमध्ये, स्क्रूंच्या डबीखाली जपून ठेवलाय. परवा मी विचारलं, आता कशाला?

"तो येईल ना, तेव्हा करून घेईन," ती दांडी वाकवत म्हणाली. "विमानतळाच्या दारातून येताना त्याला मी लांबूनच टक्क जागी दिसायला हवी."

तो कधी येणार, हे मी विचारलं नाही. तिलाही माहीत नव्हतं.