वीणेच्या पहाऱ्यातली ड्राउझी

डुलक्यांचे किस्से कोणी जमवत नाही. सतरंजीखाली धूळ साचावी तसे ते साचत जातात. त्यात यंत्रमागांच्या निजामपुऱ्यालगतचे आमचे भजनी मंडळ, सारे साठीपुढचे!

दामूअण्णा आमचे वीणेकरी. ठेंगणे, म्हणून वीणेच्या पट्ट्याला घट्ट गाठ मारून तो आखूड करीत. एकदा त्यांच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ‘ड्राउझी’ हा शब्द निघाला. इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या जोशीसरांनी अर्थ सांगितला, “स्लीपी माणूस घरी जाऊन निजतो. ड्राउझी माणूस जागेवरच असतो, पण पुरता इथे नसतो.” या शब्दाचे मूळ बहुधा खाली बसत जाणे, मंदावणे, असेही ते म्हणाले.

अण्णांनी बाटली बाजूला ठेवली. “एवढ्यासाठी औषध कशाला, सर? तुमचे निरूपण आहेच की!”

*

दत्तूभाऊंचे आयुष्य पॉवरलूमवर गेले. खडखडाटात त्यांना गाढ झोप लागते. लाईट जाऊन लूम थांबले की ते दचकून उठतात. मृदंगाच्या गजरात घोरणारा हा माणूस आरतीपूर्वीच्या शांततेत हमखास जागा होतो.

*

गेल्या कार्तिकातली दुपार. चहूकडे लूम चालू होते, तरी दत्तूभाऊ डुलकीतून ताडकन उठले. “लूम का थांबले?” सगळे हसले. हसणे ओसरते तोच फोन आला. दामूअण्णा गेले होते.

वीणा इतरांच्या गळ्यात यावी म्हणून जोशीसरांनी पट्ट्याची ती गाठ सोडली. सोडताना त्यांचे नख मोडले.

*

यंदाचा सप्ताह कसाबसा धरला. सात दिवस वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ती जमिनीला टेकली की सप्ताह मोडला. पहाऱ्याला माणसे पुरत नव्हती. यंदा मोडला तर पुन्हा धरायचा नाही, असे ठरले होते.

शेवटच्या दिवशी दुपारचा पहारा दत्तूभाऊंचा, पुढचा माझा. मी सर्दीची गोळी घेतली होती. जोशीसर म्हणालेही, “ड्राउझी व्हाल हो.” ते जेवायला गेले, आणि मी खांबाला टेकलो.

डोळे उघडले तेव्हा मी विठ्ठलासमोर उभा होतो. वीणा माझ्या गळ्यात, बोटे तारांवर चालू. दत्तूभाऊ माझ्याच खांबाशी घोरत होते. देवळात तिसरे कोणी नव्हते.

वीणा वाजवीतच मी त्यांना हाक मारली. “भाऊ, वीणा मला केव्हा दिलीत?”

“तुमाला न्हाय दिली,” ते डोळे न उघडताच म्हणाले. “अण्णा मागत व्हते, त्यांना दिली.”

मी उंच माणूस. वीणा पार हनुवटीखाली रुतत होती. पट्टा सैल करावा म्हणून मानेमागे हात नेला.

गाठ घट्ट होती.