जांभईतला हात

पक्षाघात झाल्यापासून बाबांचा डावा हात मांडीवर नुसता पडून असतो. रोज सकाळी मी त्यांना व्यायामाला बसवते. "बाबा, बोटं हलवा बघू." ते आठ्या घालून हाताकडे बघत राहतात. हात हलत नाही. आम्ही दोघंही दमतो.

काल असंच थकून मला जांभई आली. माझं बघून त्यांनाही आली, आणि तो डावा हात आपोआप छातीपर्यंत उचलला गेला. जांभई संपली तसा हळूच खाली आला.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना मी विचारलं, हात बरा होतोय का. त्या म्हणाल्या, "तसं नाही हो. जांभई मेंदूच्या तळातून येते. तो भाग फार जुना, माशांनाही असतो. हात हलवायचा हुकूम वरच्या, नव्या भागातून येतो. ती वाट तुटलीय."

म्हणजे माणूस होण्याआधीचं जे काही होतं, ते बाबांमध्ये शाबूत आहे. थकणंही त्यातलंच असावं.

बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आज व्यायाम नको. नुसती बस जवळ."

मी त्यांच्या डाव्या अंगाला टेकले, आणि आधी माझाच डोळा लागला.