दावणीबाहेरची मासोळी

रत्नमाला माणसांवर लिहीत नसे. तिला घरातून मनाई होती.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात तिची दोन्ही गावं गेली. सासरचं गाव सरकारनं आखून दिलेल्या सरळ रांगांत पुन्हा वसलं; माहेरचे लोक मात्र जिकडे वाट फुटली तिकडे पांगले. रांगेतल्या घरात बसून तिनं पहिली गोष्ट लिहिली ती भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिरकावणाऱ्या नवऱ्याची. मधुकरराव गुरुजी विहारातलं वाचनालय सांभाळायचे. त्यांनी ती चारचौघांत वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर कोणीतरी तिच्या नवऱ्याला, भैय्यालालला, आज मीठ बरोबर होतं का म्हणून विचारलं. त्या गोष्टीत गावातले निम्मे नवरे होते, पण चोराच्या मनात चांदणं.

भैय्यालाल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, निदान भांडता आलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "लिहाचं असन तं जनावराईवर लिही. माणसं नाही पाहिजे मले." आणि यापुढे गोष्ट उंबऱ्याबाहेर जाण्याआधी त्याला वाचून दाखवायची, असं ठरलं. ठरवलं त्यानंच.

रत्नमालाला वाटलं, चला, जनावर मुकं असतं. त्याच्या तोंडी काय हवं ते घालावं, विचारणारं कोण? इथंच ती चुकली. आपल्या भागात माणसाचं नाव विसरतील, पण कोणाच्या दावणीला कुठलं जनावर आहे हे कोणी विसरत नाही. तिनं मोडक्या शिंगाची कबरी गाय लिहिली, पळू नये म्हणून गळ्यात लाकडाचं लोढणं बांधलेली. शिंगावरून गावानं गाय ओळखली, आणि गायीची मालकीण सत्यभामाबाई पंधरा दिवस नळावर रत्नमालाशी बोलली नाही. मग तिनं चिखलात बसकण मारणारा बैल लिहिला. भैय्यालालनं दुसऱ्याच ओळीला हात वर केला, हा तर आपला खैरा. कागद चुलीत गेला. शेवटी ती जंगलात शिरली, तर तिथलं रानडुक्करसुद्धा धनीरामच्या बांधीतलं धान खाऊन गेलेलं निघालं.

अशात लाखांदूरहून पत्र आलं. रविवारी बायकांनी आपली गोष्ट आपणच वाचायची, असा कार्यक्रम होता. तिला जायचं होतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, इतकं काही तिला कधी हवंसं वाटलं नव्हतं. जिथं कोणाचं शिंग कोणाला ठाऊक नाही, अशा लोकांसमोर एकदा स्वतःच्या आवाजात वाचायचं होतं.

म्हणून तिनं मासोळी लिहिली. पाण्यातली मासोळी कोणाच्या दावणीची नसते. धरणात बुडालेल्या एका घरात ती राहते, विझलेल्या चुलीभोवती फिरते, रोज दारापाशी येते. दार सताड उघडं आहे. बाहेरही पाणीच आहे, म्हणून परत वळते. चूल रत्नमालाच्या आईची होती; हे मात्र तिनं लिहिलं नाही.

भैय्यालालनं सगळी गोष्ट डोळे मिटून ऐकली. एकदाही हात वर केला नाही. तिचा जीव सुपाएवढा झाला.

"हे बरं झालं," तो म्हणाला. "याच्यात आपलं कोणीच नाही." ती रविवारचं बोलणार तेवढ्यात त्यानंच पुढं सांगितलं, "आपलं कोणीच नाही, तं तुले जाचं काय काम? गुरुजी जाऊनच राहिले, ते वाचून देतीन."

तो चिडून बोलला नव्हता. त्याला ते खरंच सरळ वाटलं होतं. रत्नमालाच्या ओठांवर आलं, ती मासोळी मीच आहे. पण तसं म्हटलं की कागद चुलीत, आणि न म्हटलं तर आपण घरात. तिनं स्वतःला इतकं नीट लपवलं होतं की आता सापडायची सोय उरली नव्हती. तिला रडू आलं, ते तिनं कांदे चिरायला घेऊन निभावलं.

रविवारी सकाळी गुरुजी एसटीच्या थांब्यावर निघाले. तिनं घडी केलेले कागद त्यांच्या हातात दिले. काही सांगायचं आहे का, असं त्यांनी विचारलं.

"मासोळी दारापाशी येते न गुरुजी," ती म्हणाली, "तिथं थोडंसं थांबा. लगेच वापस नका आणू तिले."