काम मागायला शिकवणारे अण्णा

“माफी मागू नकोस. काम माग.”

बालन्यायालयाच्या ओट्यावर अण्णांनी माझ्या धाकट्या भावाला हे सांगितलं, तेव्हा मी शेजारीच उभी होते. अण्णांची आणि माझी ती पहिली भेट. साठ सालानंतरची सुरुवातीची वर्षं होती. मी सुरतेतल्या मराठी शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते आणि अण्णा परिवीक्षा अधिकारी होते, गुन्ह्यात सापडलेल्या मुलांवर देखरेख ठेवणारे. माझ्या सोळा वर्षांच्या भावाने, कामावर घेतलं नाही या रागात, एका कारखान्यातल्या मागावरचा सगळा ताणा, म्हणजे उभे धागे, ब्लेडने कापला होता. तो माग चालवणाऱ्या खानदेशच्या सुपडूआप्पांना मालकाने त्याच दिवशी घरी बसवलं.

अण्णांची रीत साधी होती. नुकसान करणारा आणि सोसणारा, दोघांना ते एकाच सतरंजीवर बसवत. आधी सोसणाऱ्याने बोलायचं. मग मुलाने एवढंच विचारायचं, “मी काय करू?”

सुपडूआप्पांनी भावाच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, “कापेल धागा सांधी दे.”

अण्णांनी मालकाची समजूत घातली आणि आप्पा व भाऊ त्या मागावर धागे सांधायला बसले. शाळा सुटली की मी कारखान्यात जाई. आप्पा एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला, मधे हजारो धागे. “मास्तरीनबाईना भाऊ शे ना तू? गाठ मारता येत नही, कापता बरं येस!” आप्पा टोमणा मारत आणि त्याची बोटं धरून गाठ शिकवत. अण्णा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून असत, मधे एक शब्द बोलत नसत. माग पुन्हा चालू झाला, आप्पांना त्यांची जागा मिळाली. “आते मन्हाकडेच शिक,” ते भावाला म्हणाले. त्या दिवशी तो घरी येऊन पोटभर जेवला.

अण्णांचा हा गौरवलेख इथेच संपवला असता तर बरं झालं असतं. पण अर्धं सांगितलेलं अण्णांना चालत नाही.

त्या वर्षी गणेशोत्सवात, अनंत चतुर्दशीला, अण्णांचं भाषण होतं. आनंदाच्या भरात त्यांनी भावाचं नाव घेतलं, त्याला उभं केलं, सगळी हकीकत सांगितली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ज्यांना काही ठाऊक नव्हतं, त्यांनाही ते दुसऱ्या दिवसापासून ठाऊक झालं. पानाच्या टपरीवर हाक येई, “आव्यो, ब्लेडवाळो आव्यो!” हाक मारणाऱ्यांच्या मनात वाईट नसेलही. दिवाळीच्या आधी भाऊ घर सोडून गेला. पत्ता नसलेलं एक कार्ड आलं, “मी बरा आहे.” नंतर काहीच आलं नाही.

त्याच्या शोधासाठी अण्णांनी गावोगावच्या कचेऱ्यांना पत्रं लिहिली. आमची आई आजारी पडली तेव्हा तिच्या उशाशी ते मुलासारखे बसले. पुढे शेकडो मुलांना त्यांनी सतरंजीवर बसवलं, पण कोणाचंही नाव बाहेर जाऊ दिलं नाही. आज त्यांच्या हाताखाली शिकलेले तरुण हा नियम कटाक्षाने पाळतात. तो कुठून आला, हे त्यांना माहीत नाही. म्हणून हे लिहिलं. भावाचं नाव मात्र मी इथेही लिहिलेलं नाही.

दर अनंत चतुर्दशीला अण्णा आमच्या दारात येतात. आत येत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणतात, “बाई, माझं चुकलं.” मी पाणी देते, ते जातात.

अण्णा, आज तुम्हाला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. तुमचे गुडघे नीट राहोत, डोळे नीट राहोत, पुष्कळ वर्षं तुम्ही आमच्यात असा. तुमच्याच रीतीने सांगायचं, तर सोसणारी मी आहे, तेव्हा बोलायची पाळी माझी. माफी मागू नका, काम मागा. काम एवढंच आहे. यंदा अनंत चतुर्दशीला उंबरा ओलांडून आत या, भावाच्या पाटावर बसा आणि जेवून जा.

तुम्ही नाही म्हणाल, हे मला माहीत आहे. तरी पाट मांडून ठेवते.