ढोकीत घडलेली टाकी

ढोकीच्या फाट्यावरचा तो वेल्डर बोलायच्या आधी हातातला खडू कानावर खोचायचा. पत्रा हातोडीनं वाजवायचा, मान तिरपी करून ऐकायचा आणि मगच म्हणायचा, "ह्यो टिकंल. व्हय का न्हाय?" उत्तराला मात्र तो कधी थांबत नसे.

मी तिथला ग्रामसेवक. गोबरगॅसच्या लोखंडी टाक्या सोलापूरहून यायच्या आणि वाटेतच चेपायच्या. त्या दुष्काळी साली ऊस नव्हता, त्यामुळं त्याच्याकडं उसाच्या ट्रॉल्यांची दुरुस्तीही नव्हती. चेपलेली एक टाकी मी त्याच्याकडं नेली. त्यानं ती वाजवली आणि ओरडलाच, "भाऊसाहेब, ही तर आमी हितंच बनवू!"

आठ दिवसांत बनवली. सांध्यांना साबणाचं पाणी लावून हवा भरली, तर एकही बुडबुडा आला नाही. मी लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या.

त्याच दिवशी गावातले तीन वेल्डर कामासाठी पुण्याला निघाले होते. निरोप घ्यायला आले, तर त्यानं त्यांच्यासमोर फरशीवर टाकीचं सगळं माप खडूनं आखून दिलं.

"तुमचं गिऱ्हाईक जाईल की," मी कुजबुजलो.

"एकट्यानं किती बनवू? चौघं झालो तर पत्रा आणायला जायला नको, भरला ट्रकच हितं येईल. व्हय का न्हाय?"

या वेळी तो उत्तरासाठी थांबला. तिघांनी पिशव्या खाली ठेवल्या.

पुढच्या उन्हाळ्यात पत्रा घेऊन ट्रक आला. तो रिकामा परतला नाही. ढोकीच्या टाक्या भरून दूरच्या सोनारी गावाला गेला.