इंगळे सरांचे चौथे वाक्य

इंगळे सर गेल्याचा फोन दुपारी आला. अकोल्याच्या कार्यालयात मी आतल्या पानांचा मजकूर लावत होतो. नांदुऱ्याचा वार्ताहर म्हणाला, "झोपेतच गेले. थोडक्यात पाठवतो." सवयीने मी वय विचारले, किती वर्षे शिकवले ते विचारले, मागे कोण आहे ते विचारले. लग्न केलेले नव्हते. मागे एक वहिनी, मोठ्या भावाची विधवा. बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली. तिच्यात चूक काही नव्हती. आता दीड महिना झाला आहे, आणि त्या बातमीत जे बसले नसते ते लिहिणे भाग आहे.

नांदुऱ्याहून बसने अर्ध्या तासावरच्या गावात सर विज्ञान शिकवत. तालुका वार्ताहर असताना मी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची बातमी करायला गेलो आणि त्यांच्या वर्गात मागे बसलो. एक पोरगा उठून म्हणाला, "सर, अमावस्येले दही जास्त आंबट होते." सरांनी विचारले, "कोण सांगतलं?" "आजा सांगते." "आजानं मोजलं का बे?" "मोजाले उरते कुठी सर, खाऊन टाकते थो!" वर्ग हसला. सर हसले नाहीत; त्यांनी फळ्यावर तो दावा जसाच्या तसा लिहिला. पुढचे काही महिने एकाच म्हशीचे दूध, एकाच मापाचे विरजण, सारखी भांडी. अमावस्येला लावायचे आणि इतर दिवशीही लावायचे. चव घेणाऱ्याला दही कोणत्या दिवसाचे ते सांगायचे नाही. दही चंद्राकडे बघत नाही, हवेच्या उष्म्याकडे बघते, असे निघाले. कोणीतरी विचारले, हे रसायनशास्त्रात लिहायचे की जीवशास्त्रात? "दह्याले इचार," सर म्हणाले, "त्याले अजून कोणी वर्ग वाटून देला नाही." पण वहीत निष्कर्षाखाली त्यांनी प्रत्येकाला आणखी एक ओळ लिहायला लावली : हे एवढ्याच दुधापुरते, एवढ्याच दिवसांपुरते खरे. ती ओळ ज्याने लिहिली नाही, त्याचा प्रयोग अपुरा.

पूर्णेच्या काठचा हा भाग खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारट, ते मूत्रपिंडांना बाधते असे इथे मानतात, त्यामुळे ज्याला परवडते तो विकतचे, कॅनचे पाणी घेतो. गावाच्या कडेला नवी विहीर लागली आणि तिचे पाणी जिभेला गोड लागले, तेव्हा लोक सरांकडे आले. पोळ्याच्या आसपास सरांनी शाळेच्या उपकरणांनी पाणी तपासले. मी बातमीसाठी गेलो तेव्हा त्यांनी मला चार वाक्ये लिहून दिली. पहिले, पाणी तपासले. दुसरे, क्षार मर्यादेत आढळले. तिसरे, पाणी पिण्यास योग्य वाटते. चौथे, हे पावसाळ्यातल्या एका दिवसाचे निरीक्षण आहे, वैशाखात पुन्हा तपासल्याशिवाय कायमचे मानू नये.

त्या दिवशी जागा कमी होती. वर्तमानपत्रात महत्त्वाचे वर लिहितात आणि जागा कमी पडली की खालून कापतात. मला तसेच शिकवले होते. मी खालून कापले. माणसाने आपल्या विधानाची मर्यादा शेवटी लिहिली आहे, म्हणजे तीच सगळ्यांत महत्त्वाची असू शकते, हे तेव्हा डोक्यात आले नाही. कात्रण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागले. लोक विहिरीवर जाऊ लागले. सरांचे थोरले भाऊ तुळशीरामदादा यांनी कॅन बंद केला. लहान भावाचे नाव पेपरात आले होते. घरी कॅन ठेवणे त्यांना भावाचा अपमान वाटला.

वैशाखात शाळा बंद, उपकरणे कपाटात, किल्ली सुटीवर गेलेल्या मुख्याध्यापकांकडे. पुढच्या वर्षी बघू, असे करता करता तीन उन्हाळे गेले. चौथ्या उन्हाळ्यात सरांनी किल्ली आधीच मागून घेतली. तळाला गेलेल्या पाण्यात क्षार मर्यादेच्या कितीतरी वर होते. तोवर दादांचे डायलिसिस सुरू झाले होते. सर कार्यालयात दुरुस्ती घेऊन आले. म्हणाले, "म्या परत तपासाले पाह्यजे होतं." त्यांनी चौथ्या वाक्याचे नाव काढले नाही. मीही नाही. दुरुस्ती पूर्ण छापली. त्या वेळी जागा होती.

दादा गेल्यावर सर वहिनींना प्रश्न विचारू लागले. दादा दिवसातून किती पाणी पीत? शेतात कुठले नेत? गुडघ्याच्या गोळ्या कधीपासून घेत? फवारणीला तोंड बांधत का? वहिनी एकदा चिडल्या, "भाऊजी, माणूस गेला, अजून काय मोजून राह्यले?" पण सर थांबले नाहीत. जेवताना मध्येच हात थांबायचा आणि प्रश्न यायचा. शेवटी वहिनींनीच एक दिवस सांगून टाकले की दादा शेतात कॅनचेच पाणी नेत, विहिरीचे नाही. सरांनी ते लिहून घेतले. मग कॅनवाल्याकडे जाऊन विचारून आले. "वयनी," ते म्हणाले, "तुमचा जीव मोठा हाय. पण हे खरं नाही." आणि त्या नोंदीवर एक सरळ रेघ मारली.

माझी त्यांची शेवटची भेट नांदुऱ्याच्या बसस्थानकावर झाली. खूप वाळले होते. दादांचा विषय त्यांनीच काढला. "म्या दादाले मारलं म्हणाव, तं पुरावा नाही. नाही मारलं म्हणाव, तं त्याचाही नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही... पोराईले मीच शिकवलं." तेव्हा तरी मी बोलायला हवे होते. त्यांची बस लागली आणि ते गेले.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. चहा पिऊन झाल्यावर मी त्यांना चौथ्या वाक्याचे सांगितले, जसे वर लिहिले तसेच. त्यांनी विचारले, "भाऊजीले मालूम होतं?"

"हो. वाक्य त्यांचंच होतं. छापलेली बातमी त्यांनी वाचली होती."

"कधीच बोलले नाही थे." मग त्या उठल्या आणि मला सरांच्या खोलीत घेऊन गेल्या. पलंगासमोरच्या भिंतीवर एक मोठा कागद डकवलेला होता. मोतीबिंदूमुळे वहिनींना वाचता येत नव्हते. म्हणाल्या, "वाचून दाखवा. भाऊजी रोज झोपाच्या आधी पाहत बसत."

वर लिहिले होते : दादाच्या आजाराची शक्य कारणे. खाली दोन रकाने, कारण आणि पुरावा. मी वाचत गेलो. विहिरीचे पाणी. गुडघ्याच्या गोळ्या. फवारणी. रक्तदाब. पाणी पुन्हा तपासण्यात माझी हयगय. पहिल्या चारांपुढे बारीक अक्षरात दोन्ही बाजूंच्या नोंदी होत्या, खाडाखोड होती. पाचव्यापुढे फक्त, "पूर्ण सिद्ध".

"झालं?" वहिनींनी विचारले.

"झालं."

"तुमचं नाही त्याच्यात?"

"नाही."

अमावस्येच्या दह्याची नोंद ठेवणाऱ्या माणसाने एक गोष्ट ठाऊक असून लिहिली नव्हती. वहिनी खिडकीशी गेल्या, चाचपडत तिथल्या डब्यातून पेन काढले आणि माझ्यापुढे धरले. "लिवा मंग," म्हणाल्या. "अर्धं काऊन ठेवता?"

मी लिहिले. सहावे : बातमीतून कापलेले वाक्य. त्यांच्या बारीक, सुट्या अक्षरांखाली माझे घाईचे अक्षर वेगळे दिसते. पुराव्याच्या रकान्यात काय लिहावे ते मला कळले नाही. वहिनी वाट पाहत माझ्या शेजारी उभ्या होत्या... तो रकाना अजून रिकामा आहे.